दुसऱ्या हाताचा काप

माझे नाव दशरथ सखाराम मालवे. वय ब्याऐंशी वर्षे पूर्ण. शिसवखेड्याच्या नदीकाठी पाहुणे आले की त्यांना या काळ्या खडकाची हकीकत सांगण्याचे काम गेली तीस वर्षे माझ्याकडे आहे. मी ती जशी ऐकली तशीच सांगतो. मध्येच कोणी प्रश्न विचारलेला मला चालत नाही. शेवटी अवश्य विचारावा.

रंगपंचमीस इतर गावे रंग उधळतात. आमचे गाव उधळत नाही. ज्या रंगावर पोट चालते तो मातीत सांडू नये, असा आमच्या वाडवडिलांचा दंडक आहे. त्या सकाळी गावातील अकरा ठसेकरी घरे या खडकावर येऊन बसतात. धंद्याचे ठसे कापडासाठी असतात आणि ते गिऱ्हाइकाच्या मर्जीने कोरावे लागतात. या दिवसासाठी मात्र प्रत्येकाने तळहाताएवढ्या शिसवी तुकड्यावर स्वतःच्या मर्जीचे चित्र कोरायचे, काजळी व डिंक यांच्या शाईने त्याचे अकरा कागद छापायचे, एक आपल्याजवळ ठेवायचा आणि उरलेले दहा बाकीच्या दहा घरांना द्यायचे. अशा कागदाला आम्ही पान म्हणतो. पाहुण्यांनी कोणतेही पान उजेडात धरून पाहावे. त्यात एक पांढरी रेघ अशी आढळेल की ती बाकीच्या कामाशी जुळत नाही. पुष्कळांना ती चूक वाटते. ती चूक नव्हे. तिचे कारण असे सांगतात.

फार पूर्वी येथे गोंदाजी नावाचा ठसेकरी होता. वयाने वडील आणि कामात सर्वांहून सरस. तो डावखुरा असल्यामुळे त्याचा काप, म्हणजे लाकडात खोदलेली आणि कागदावर पांढरी उमटणारी रेघ, इतरांच्या उलट दिशेने निमुळता होत जाई. नवा ठसा पंधरा दिवस तिळाच्या तेलात मुरवावा लागतो, एरवी लाकूड फुटते. ते तेलाचे मोठे घंगाळ वडीलकीच्या मानाने गोंदाजीच्या ओसरीवर असे आणि अकराही घरांचे ठसे त्यात बुडवलेले असत. पानासाठी तो दर वर्षी घोडाच कोरी, आणि वीस वर्षे त्याच्या घोड्यांची पाने घरोघर दाराच्या चौकटीच्या बरोबर मध्यभागी चिकटवली जात होती. कोणाच्याही घरी गेला की तो पाणी पिण्याआधी चौकटीकडे पाही, असे म्हणतात.

त्याच गावात येसू नावाच्या ठसेकऱ्याच्या हाताला कंप सुटला. जे घर खडकावर पान आणणार नाही त्या घराची तेथील जागा कायमची जाई, असा तेव्हाचा नियम होता. म्हणून येसूच्या बायकोने, सारजाने, कोरणी हाती घेतली. लाकडाच्या शिरा ओळखायला तिला गोंदाजीनेच शिकवले. बाईमाणसाने खडकावर बसावे की नाही यावर बरीच कुजबुज झाली. सारजा कोणाला विचारण्यास थांबली नाही. येऊन बसली. तिने पहिल्या वर्षी टिटवी कोरली होती. एका पायावर उभी, मान वळवून मागे पाहणारी.

त्यानंतर महिन्याभरात गोंदाजी एका घरी गेला, तर चौकटीच्या मध्यभागी टिटवी होती आणि त्याचा घोडा बाजूला सरकलेला होता. दुसऱ्या घरी तेच. तिसऱ्या घरी त्याने पाणीही घेतले नाही. आपल्या घरी येऊन पाहतो तो जात्यासमोरच्या भिंतीवर टिटवी.

"ही इथे कोणी लावली?" त्याने विचारले.

"मी," त्याची बायको भागाबाई दळता दळता म्हणाली. "तुमचे घोडे आहेत की देवाजवळ. दळताना त्यांच्याकडे बघितलं की वाटतं, आता स्वारी येणार, उठून उभं राहावं. ही बिचारी टिटवी नुसती सोबत करते."

तेव्हापासून म्हणे गोंदाजीला अन्न गोड लागेना. धंद्याचे ठसे कोरताना त्याच्या डोळ्यांपुढे ती वळलेली मान येई. त्याने तशीच मान घोड्याला देऊन पाहिली. घोड्याची मान मोडल्यासारखी दिसली. सारजाने कोरणी धरली त्याला वर्षही झाले नव्हते आणि आपली हयात त्यात गेली, हा हिशेब त्याला काही केल्या जुळेना.

पुढच्या फाल्गुनात सारजाने आपला ठसा तेलात सोडण्यासाठी आणून दिला. पाणी पिणारा काळा बैल आणि त्याच्या पाठीवर बगळा. बैलाची सगळी कूस तिने न कोरता भरीव ठेवली होती. एकही नक्षी नाही, एकही झूल नाही. एवढी काळी जागा मोकळी सोडण्याचा धीर गोंदाजीला वीस वर्षांत झाला नव्हता. त्याने ठसा हातात घेतला आणि बैलाच्या कुशीवरून अंगठा फिरवला.

"काही कमी असेल तर सांगा, मामंजी," सारजा म्हणाली. नाते नसले तरी वडील माणूस म्हणून ती त्याला मामंजी म्हणे.

"ठीक आहे," तो म्हणाला.

पंचमीला तीन दिवस उरले असताना सारा गाव कापडे धुण्यास नदीवर गेला होता. गोंदाजी भर दुपारी ओसरीवर एकटा होता. त्याने घंगाळात हात घातला, सारजाचा ठसा काढला, पुसला, आणि पटाशीने बैलाच्या कुशीवर एक तिरपा काप ओढला. लाकूड कधीकधी तेलातही तडकते. कोणी विचारले तर तसे सांगता येईल, असे त्याने मनाशी ठरवले होते. त्याने ठसा परत तेलात सोडला आणि हात धुतले.

चतुर्थीला सारजा ठसा घेऊन गेली. घरी तो पुसून उन्हात धरला तेव्हा तिला काप दिसला. नवा ठसा कोरून मुरवण्यास पंधरा दिवस हवे होते आणि हाती एक दिवस होता. पान न नेले तर नवऱ्याची जागा जाणार. ती कितीतरी वेळ उंबऱ्यावर बसून होती, असे सांगतात. मग उठली आणि तिने शाई घोटली.

पंचमीच्या सकाळी खडकावर पाने वाटली गेली. वाऱ्याने उडू नयेत म्हणून प्रत्येकाने आपल्या पानांवर गोटे ठेवले होते. बाळोबा नावाचा एक थट्टेखोर ठसेकरी होता. तो सारजाचे पान हाती घेऊन म्हणाला, "सारजे, पाणी प्यायला आलेल्या बैलाला चाबूक कोणी मारला गं?"

सगळे हसले. गोंदाजीही हसला.

"चाबूक नाही तो," सारजा म्हणाली. "पान उजेडात धर, बाळोबा. हात ओळखीचा वाटतो का बघ."

बाळोबाने पान वर केले आणि त्याचे हसू थांबले. एकेकाने आपापले पान उचलून पाहिले. वीस वर्षे त्या घरांच्या चौकटींवर गोंदाजीचेच काप होते. उलट दिशेने निमुळती होत गेलेली ती रेघ तेथे कोणाला सांगावी लागली नाही. आपला काप सर्वांना ओळखता येतो, हे एकट्या गोंदाजीच्या ध्यानात आले नव्हते.

"लाकूड तडकलं असेल," तो म्हणाला. "तेलात तडकतं."

"तडकलेलं लाकूड शिरांच्या बाजूने जातं, मामंजी. ही रेघ शिरा तोडून आडवी गेली आहे. हे तुम्हीच मला शिकवलंत." सारजाचा आवाज चढला नाही. "मी कोणाला काही विचारत नाही. यंदाचं पान दोघांनी मिळून कोरलं, एवढंच सांगते. शेवटचा काप मामंजींचा. घ्या पानं."

कोणी वर पाहिले नाही. गोंदाजी उठून चालू लागला. तो आता परत येत नाही असे सर्वांना वाटले. परंतु थोड्याच वेळात तो आपल्या घोड्याचा ठसा घेऊन आला आणि तो व पटाशी त्याने सारजापुढे ठेवली.

"घाल एक काप. हवा तिथे घाल."

सारजाने पटाशी उचलून परत ठेवली. "ही डाव्या हाताची. माझ्या हाताला उलटी बसते." तिने कमरेची आपली कोरणी काढली. गोंदाजीने डोळे मिटून घेतले. तिने घोड्याचे तोंड मोडावे, अशीच त्याची इच्छा होती, म्हणजे त्याला तिच्यावर मोकळेपणाने रागावता आले असते, असे माझे आजोबा सांगत.

सारजाने ठसा बराच वेळ फिरवून पाहिला. मग घोड्याच्या डोळ्यात तांदळाच्या कणीएवढा एकच काप घातला, शाई लावली आणि कागद दाबला.

"अरे, हा तर आपल्याकडे बघतोय!" बाळोबा ओरडला.

गोंदाजीच्या घोड्यांना झुली होत्या, गोंडे होते, पायांत तोडे होते. पण वीस वर्षांत त्यांतल्या एकानेही कोणाकडे पाहिले नव्हते. गोंदाजीने ते पान हातात घेतले. काही लोक सांगतात की त्याला तेथे पश्चात्ताप झाला. ते मला मान्य नाही. माझ्या आजोबांनी सांगितले ते असे, की त्या क्षणीही त्याला मत्सरच वाटला, आणि तो पूर्वीपेक्षा मोठा होता. तो एवढेच म्हणाला, "हे मला दिसायला हवं होतं." पान घडी न घालता तसेच धरून तो घरी गेला.

पुढील वर्षी ठसे तेलात सोडण्याच्या आदल्या दिवशी तो स्वतः येसूच्या दारात उभा राहिला. हातात त्याचा नवा ठसा होता.

"कुठे कमी आहे ते बघ," तो म्हणाला. "आणि तुझा आण इकडे."

"यंदा विचारून घालताय," सारजा म्हणाली. "बरं झालं."

तिने ठसा दिला. त्याने काप घातला आणि, म्हणे, तिचे काम पाहून त्याचे तोंड पुन्हा कडू झाले. ते तसे शेवटपर्यंत राहिले. दर वर्षी तो कडू तोंडानेच आला आणि दर वर्षी आला. त्याचे पाहून बाळोबा आपला ठसा घेऊन शेजारी गेला, मग इतर घरे जाऊ लागली.

त्या वर्षापासून तेलाचे घंगाळ गोंदाजीच्या ओसरीवरून उचलण्यात आले, ते पुन्हा कोणत्याही एका घरी ठेवले गेले नाही. आजही ते नदीकाठच्या चारी बाजूंनी उघड्या छपरात असते, आणि दुसऱ्या घराचा काप पडल्याशिवाय कोणाचाही ठसा त्यात सोडत नाहीत.