चिमाआत्याची खिडकी

फार वर्षांपूर्वी, तुमच्याआमच्या खापरपणज्यांना दातही आले नव्हते तेव्हा, घाटाच्या अगदी कड्यावर सोंडेवाडी नावाचं गाव वसलेलं होतं. गाव अजून आहे, कडा आहे, आणि वारा तर आहेच. तिथला वारा असा, की कोंबडीनं अंडं घातलं तर ते शोधायला शेजारच्या गावी जावं लागायचं, असं म्हणतात. मुलगी बघायला पाहुणे आले की आधी त्यांचे फेटे पोचायचे आणि मागून पाहुणे.

या गावात भागू सुताराची लेक चिमा राहायची. लग्न होऊन दूर गेली होती, पण तीन वर्षांत नवरा तापानं गेला आणि सासरच्यांनी तिला एका गाठोड्यासकट माहेरी आणून सोडलं. गावची लेक, म्हणून पोरंसोरं तिला आत्या म्हणू लागली. तोवर भागूचे हात थरथरायला लागले होते. लाकडावर सरळ रेघ मारायला जायचा आणि तिची नागीण व्हायची. मग चिमानं बापाचा लाकूड तासायचा वाकस उचलला. लहानपणी बापाच्या दोरीचं टोक धरून बसता बसता ती सगळं शिकली होती. बलुतं भागूच्या नावानं यायचं, काम चिमा करायची, आणि गाव कानाडोळा करायचं. घर मात्र त्यांचं नव्हतं. गावाचा जो सुतार असेल त्यानं राहायचं, असं ते गावानं दिलेलं घर होतं. एवढं ध्यानात ठेवा.

आता सोंडेवाडीची एक खोड सांगायलाच हवी. आषाढ-श्रावणात तिथं आठ-आठ दिवस पाऊस उघडत नाही. लाकूड पाणी पितं आणि फुगतं. खिडकीची झडप चौकटीत अशी रुतते, की तिघांनी ओढली तरी हलत नाही. मग गाव काय करायचं? सुताराला बोलवायचं आणि झडपेच्या कडेवर रंधा मारून घ्यायचं. दर वर्षी. भर श्रावणात. झडप लोण्यासारखी सरकायची आणि गाव खूश व्हायचं. पुढं मार्गशीर्षात लाकूड वाळून आपल्या मूळ मापाला यायचं, आणि चौकटीत बोट जाईल एवढी फट पडायची. त्या फटीत गाव चिंध्या कोंबायचं. जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही म्हणतात, इथं तर बाप मेला तरी ती लेकाकडं जायची.

एका वर्षी गावच्या सुभानजी पाटलांनी नवं घर बांधलं होतं. सोळा खिडक्यांचं! अख्ख्या खोऱ्यात एवढ्या खिडक्या कुणाला नव्हत्या, आणि पाटील ते जेवताना, झोपताना, शिंकताना सांगत असत. श्रावण लागला आणि सोळाच्या सोळा खिडक्या रुतल्या. पाटलांनी चिमाला बोलावणं धाडलं.

चिमा आली. मागल्या श्रावणात आपणच तासलेल्या झडपांच्या फटी तिनं मार्गशीर्षात पाहिल्या होत्या. तिनं एकेका झडपेवरून हात फिरवला आणि रंधा परत पिशवीत ठेवला.

"आत्ता न्हाई मारायचा रंधा, दादा," ती म्हणाली. "कडंला मेण घासून देते. दसरा होऊ द्या, लाकूड वाळू द्या, मग बघू."

"दसरा? तवर मी काय आंधारात बसू?"

"झडप फुगलीया, वाढली न्हाई. जेवून पोट फुगलं म्हनून कुनी पोट तासतं का?"

बायाबापड्या पदरात तोंड लपवून हसल्या. पाटलांचं पोट गावाला ठाऊक होतं. पाटील लालबुंद झाले. त्यांनी त्याच दिवशी घाटाखालून केरू नावाचा मिस्त्री आणवला. केरूचा हात चपळ आणि जीभ त्याहून चपळ. त्यानं सोळाही खिडक्या एका दिवसात तासून दिल्या. मग उरलेल्या गावानंही त्याला बोलावलं. केरूच्या रंध्याखालून निघालेल्या भुश्शावर गावाच्या चुली आठवडाभर पेटल्या, असं म्हणतात. चिमाचं ऐकलं ते फक्त टोकाला राहणाऱ्या राही कुंभारणीनं. तेही तिच्याकडं एकच खिडकी होती म्हणून.

पंच बसले आणि ठरलं. मार्गशीर्षात खळी झाली की बलुत्याला केरूनं उभं राहायचं. सुताराचं घरही केरूचं.

त्या दिवशी चिमा घरी येऊन उंबऱ्यावर बसली. भागू आत खोकत होता. भिंतीवर तिच्या लहानपणीच्या उंचीच्या खुणा होत्या, बापानं पटाशीनं कोरलेल्या. एकदा सासर सुटलं, आता माहेरही सुटणार. गाठोडं बांधायची सवय झालेल्या बाईलाही त्याचं दुःख होतंच, चिमालाही झालं. ती पोटभर रडली. मग उठून तिनं आपल्याच घराची झडप उतरवली, कडेला मेण घासलं आणि परत चढवली. जायचं तर घर नीट करून जायचं, असा तिचा स्वभाव.

दसरा गेला, दिवाळी गेली. ऊन खणखणीत पडलं आणि गावभर लाकूड वाळू लागलं. रात्रंदिवस झडपा चौकटीत खडखडायला लागल्या. पाटलांच्या मागच्या भिंतीतल्या चार खिडक्या तर एवढ्या वाजायच्या, की पाटलीणबाईंना झोप लागेना. केरूनं काय करावं? चारी झडपांना खिळे ठोकून त्या कायमच्या बंद केल्या. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

आणि मार्गशीर्षात, केरूला घराची किल्ली द्यायच्या दिवशी, वारा उठला.

पंच पाटलांच्या घरी जमले होते. भागूला धरून चिमाही आली होती, किल्ली पदराला बांधून आणि हत्यारांची पिशवी खांद्याला लावून. तेवढ्यात कड्याकडून पहिला झोत आला आणि समोरच्या बाराही झडपा एकदम आपटून उघडल्या. पंचांचे फेटे गेले. बैठकीवरची चादर गेली. वाऱ्याला आत यायला बारा वाटा होत्या आणि बाहेर जायला एकही नाही. तो घरात कोंडला, फुगला, आणि त्यानं छप्पर वर उचललं. कौलं नाचायला लागली. आणि मग, असं म्हणतात, वाऱ्यानं खुद्द सुभानजी पाटलांना बैठकीवरून उचललं. कुणी म्हणतं वीतभर, कुणी म्हणतं पुरुषभर. सोंडेवाडीत विचाराल तर पाटील थेट आढ्याला जाऊन टेकले होते आणि दोन्ही हातांनी ते धरून ओरडत होते.

"चिमे! आगं काय तरी कर!"

केरू कणगीमागं लपला होता. चिमानं बापाला खांबाशी बसवलं, पदर खोचला आणि वाऱ्यातून वाट काढत ती मागच्या भिंतीशी गेली. वाकसाच्या पाठीनं तिनं पहिला खिळा उपटला. वारा तिच्या पाठीवर धपाटे घालत होता. दुसरा खिळा, तिसरा. असं म्हणतात, की वारा तिच्या कानाशी येऊन म्हणाला, "बाई, मला कुठं राहायचंय इथं? मला फक्त जायला वाट दे." तिनं चौथी झडप ढकलली आणि वारा घरातून असा निघून गेला, जसा पाहुणचार झालेला पाहुणा जातो. छप्पर जाग्यावर बसलं. पाटीलही बसले, जरा जोरात.

मग चिमानं पदराची गाठ सोडली आणि किल्ली पाटलांच्या पुढ्यात ठेवली.

पाटलांनी ती उचलली. चिमाच्या हातात परत ठेवली, आणि तिची मूठ आपल्या हातानं मिटली.

"घर तुजं, चिमे," ते म्हणाले. "सुतारकीबी तुजी. भागूच्या नावानं न्हाई, तुज्या नावानं. आमी तुजं ऐकलं न्हाई, आमचं चुकलं."

चिमाच्या डोळ्यांत पाणी आलं. पण सुताराचीच लेक ती, पाण्याला थांबू देणार थोडीच! डोळे पुसून म्हणाली, "ऱ्हाते दादा. पर माजे हात दोन आन् गावाच्या खिडक्या तीनशे. ज्याची खिडकी त्यानं करायची. मी शिकवते."

आणि तिनं शिकवलं. बाप्यांना, बायांना, पोरांना. केरूलाही शिकवलं, तो मग घाटाखाली परत गेलाच नाही. तासलेल्या झडपांच्या कडांना पट्ट्या जोडून सगळ्यांनी आपापल्या फटी बुजवल्या. झडप उतरवली की तिच्या खालच्या कडेला आधी तेल पाजा, ती म्हणायची, लाकूड तिथूनच पाणी पितं. खिडकीचा उंबरा बाहेरच्या बाजूला उतरता ठेवा, पावसाला आत यायचं निमंत्रण देऊ नका. गोठ्याचा खांब मातीत पुरू नका, दगडावर उभा करा, वाळवीला जेवायला बसवायला ते काय लग्न आहे? आणि वाऱ्याला यायला जेवढी वाट ठेवाल, तेवढी जायलाही ठेवा. पाटलांनी गोठ्याचे खांब स्वतः दगडावर चढवले आणि त्यानंतर ते खिडक्यांऐवजी त्याचंच सांगत फिरले.

चिमाआत्या कधी गेली ते कुणालाच नीट सांगता येत नाही. एका मार्गशीर्षात वारा तिच्या दारी आला, तिनं पिशवी खांद्याला लावली आणि त्याच्याबरोबर पुढच्या गावाच्या खिडक्या बघायला गेली, असं म्हणतात.

पण सोंडेवाडीला कधी गेलात तर बघा. श्रावणात तिथं कुणी लाकडाला रंधा लावत नाही. दसऱ्याला हत्यारं पुजून झाली की दुसऱ्या दिवशी घरोघर माणसं आपापल्या झडपा उतरवून अंगणात तेल पाजत बसलेली दिसतात. आणि कुणी नवं घर बांधलं, तर शेवटची झडप सुतार चढवत नाही. ती चढवते घरची लेक. ती कितीही लांब दिलेली असो, आधी तिला आणतात, मग घरात चूल पेटते. लेक नसेल तर गावातली कुणाचीही चालते. त्या खिडकीला चिमाआत्याची खिडकी म्हणतात, आणि जी ती चढवते तिचा त्या घरावरचा हक्क कुणी मोडत नाही.

लेक झडप तीनदा उघडते, तीनदा लावते. सगळं गाव अंगणात उभं असतं. घरधनी विचारतो, "कशी बसलीया गं? घासती का कुठं?"

आणि चैत्र असो की वैशाख, झडप फुलासारखी फिरत असली तरी, लेक कमरेवर हात ठेवून एकच उत्तर देते.

"दसऱ्यापत्तोर थांबा!"