पूजा झालेलं कासव

सोमवार, सकाळी साडेअकरा. सरकारी दवाखान्यासमोरची महापालिकेची बाग. इथले सगळे बाक काढून दगडी कासवं बसवली आहेत. ती शिल्पंही आहेत आणि लोकांना बसायची आसनंही, असं पाटीवरच कोरलं आहे. पण उद्घाटनाला नगरसेवक शहाजी ढवण यांनी कासवांना हार घातले, कुंकू लावलं, नारळ फोडला. तेव्हापासून रखवालदार तिथे कोणाला बसू देत नाही.

इंदुबाई टेकाळे यांचा नवरा दवाखान्यात डायलिसिसवर होता. त्यांना दुपारपर्यंत थांबायचं होतं आणि गुडघे पार गेलेले. रखवालदाराची नजर चुकवून त्या एका कासवावर टेकल्या. नेमके तेव्हाच ढवण गाडीतून उतरले.

“अहो आजी, उठा आधी! पूजा झालीय त्याची. पूजेच्या वस्तूवर बसतात का?”

“साहेब, ही नवी गाडी तुमचीच ना?”

“माझीच. मग?”

“दसऱ्याला पूजा केली असेल हिची?”

“थाटात केली! हार, नारळ, सगळं.”

“मग बूट घालून तिच्यात बसून कसे आलात? ढकलत आणायची होती.”

रखवालदारालाही हसू आवरलं नाही. ढवण गाडीत बसले आणि निघून गेले. त्या दिवशी इंदुबाई नवरा बाहेर येईपर्यंत बसून राहिल्या.

गुरुवारी त्या आल्या तेव्हा कासवांभोवती लोखंडी कुंपण होतं आणि रखवालदाराची बदली झाली होती. दुपारपर्यंत त्या बागेचं फाटक धरून उभ्या राहिल्या. कुंपण कोणाच्या हुकमाने घातलं, हे मी या बातमीसाठी महापालिकेत प्रत्येक खात्याला विचारलं आहे. अजून एकानेही उत्तर दिलेलं नाही.