उंबरठ्यातली अधेली

"दुसऱ्यांदा वाजवून काय वेगळं निघणार आहे?" रघुवीर म्हणाला.

पायरीवर बसलेली द्वारका तारी त्याच्या हातातल्या हातोडीकडे बघत राहिली.

"एकदा बद्द वाजलं की बद्द. पोतदारांच्या पेढीवर नाणं दोनदा वाजवत नाहीत."

हे वाक्य त्याने बाजारात ऐकलं होतं. पोतदारआबा तरुणपणी असं म्हणत, असं म्हातारे कौतुकाने सांगायचे. आबांच्या तोंडून मात्र त्यांच्या हाताखालच्या नऊ वर्षांत त्याने ते एकदाही ऐकलं नव्हतं.

नाणं परदेशी होतं, अमेरिकेतलं, अर्ध्या डॉलरचं. एका बाजूला चालत निघालेली बाई, दुसऱ्या बाजूला गरुड, आणि दोन्ही झिजून गुळगुळीत झालेले. द्वारकेचा नवरा बोटीवर खलाशी. जाताना त्याने ते तिच्या हातावर ठेवलं होतं. अस्सल चांदी आहे, नड आली तर मोड, म्हणाला होता. त्याला तीन वर्षं झाली. पत्र नाही, निरोप नाही.

"माका मोडूचां नाय," ती आल्या आल्या म्हणाली होती. "खरां काय खोटां, येवढांच सांगा. भाऊ म्हणता, नाणां खोटां तर माणूसय खोटो. तेणी माज्या दुसऱ्या लग्नाक घर बघून ठेवलानी हा. दुपारच्या होडयेन जावन माका जबाब देवचो हा."

रघुवीरने पुस्तक काढलं होतं. परदेशी नाण्यांचं पुस्तक पंचक्रोशीत त्याच्या एकट्याकडे. गावचाच असून पेढीवर बसला की तो पुस्तकासारखंच बोलायचा.

"वजन साडेबारा ग्रॅम हवं. हे बारालाही कमी. सालातले शेवटचे दोन आकडे दिसत नाहीत. खरं असतं तर नुसत्या चांदीचेच चांगले पैसे आले असते, आणि साल दुर्मिळ निघालं असतं तर दसपट. पण आवाज बद्द आहे. खोटं आहे, बाई."

एवढं बोलून तो खिळा शोधायला लागला होता. पेढीची रीतच तशी. खोटं ठरलेलं नाणं पुन्हा बाजारात जायचं नाही. मालकाच्या देखत ते उंबरठ्यात खिळ्याने ठोकायचं आणि येणाऱ्याजाणाऱ्याने त्यावर पाय देऊन जायचं. उंबरठ्यात अशी अकरा नाणी होती. हे बारावं.

"पुन्ना एकदा वाजवून बगा..." द्वारका अगदी हळू म्हणाली.

तेवढ्यात आतून काठीचा आवाज आला.

आबा दारापर्यंत आले. घाटावरचे, बोलायला कंजूष. दोन वर्षांपासून डोळे अधू झाले होते. दसऱ्याला काटा आणि कसोटी रघुवीरच्या हाती देणार, असं त्यांनीच जाहीर केलं होतं. गुरू आपला हात बघायला आले असं वाटून रघुवीरची छाती फुगली.

"काय म्हणाली ती?"

"पुन्हा वाजवा म्हणते. सगळेच म्हणतात."

आबांनी काठीचं टोक उंबरठ्यावर टेकवलं.

"डावीकडून तिसरं. काढ."

"आबा, हिला होडी गाठायची आहे. आधी हे..."

"काढ."

रघुवीर गुडघ्यांवर बसला. खिळा गंजला होता, पक्कडीने ओढताना लाकूड करकरलं. हातात आली जुन्या चलनातली अधेली, चांदीचा अर्धा रुपया. तिच्यावर राजाचं डोकं होतं एवढं कळत होतं, नाकडोळे पायांखाली गेले होते. मधोमध खिळ्याचं भोक.

"किंमत सांग."

रघुवीर हसला. "खोट्याची काय किंमत?"

"बाकीची दहा बघ. मग हे बघ."

त्याने पाहिलं. नऊ वर्षं तो ह्या उंबरठ्यावरून दिवसातून वीस वेळा ये-जा करत होता, पण खाली वाकून कधी बघितलं नव्हतं. दहाच्या दहा नाण्यांचा मुलामा पायांनी खाल्ला होता. कुठे तांबं लालसर दिसत होतं, कुठे शिसं काळं पडलं होतं. हातातली अधेली मात्र पांढरी होती. जितकी झिजली तितकी पांढरी.

त्याने कानस घेतली. कड घासली. अजून खोल घासली.

तांबं कुठेच लागलं नाही. एखाद्याच्या प्रेताला हात लागावा तसा त्याने हात मागे घेतला, आणि अधेली लाकडावर पडली.

"आबा... ही खरी आहे."

"हो."

"कोणी ठोकली?"

"मी."

बाहेर बाजार चालू होता. कोणीतरी कोकमाची सोलं विकत होतं. रघुवीरला त्यातलं काही धड ऐकू येईना.

"काशीम नावाचा तांडेल होता," आबा म्हणाले. "मिठाच्या होडीचा, म्हणजे पडावाचा, म्होरक्या. ही घेऊन आला. मी वाजवली. बद्द वाजली. तो म्हणाला, शेट, पुन्हा एकदा वाजवा... मी म्हटलं, पोतदार दोनदा वाजवत नाही. बाजाराने शाबासकी दिली मला. आणि त्याला मार. खोटी नाणी पाडतो म्हणून."

"मग?"

"तो पडाव पुन्हा ह्या बंदराला लागला नाही."

"पण तुम्हाला कळलं कधी?"

"अकरा वर्षांनी. कडेला तडा होता केसाएवढा, म्हणून बद्द वाजली. माझ्या कानाला जे कळलं नाही ते लोकांच्या पायांना कळलं. मग शोधायला निघालो. चार बंदरं फिरलो." आबा थांबले. "त्याचं घर सापडलं. तो नाही सापडला."

ज्या माणसाच्या कानाची तो नऊ वर्षं शपथ खात आला, तो माणूस समोर काठी धरून उभा होता आणि त्याची मान खाली होती. रघुवीरला भीती वाटली. त्याहून जास्त भीती गुडघ्याशी पडलेल्या हातोडीची वाटली. ती त्याने घाईघाईने दूर सारली.

"आबा, हिचं नाणं तुम्हीच बघा."

"माझे डोळे गेले."

"मग कानाने..."

"त्याचं आत्ताच सांगितलं तुला."

रघुवीरने द्वारकेचं नाणं दगडावर टाकलं. बद्द. पुन्हा टाकलं. पुन्हा बद्द. द्वारकेने डोळे मिटून घेतले. त्याने भिंग लावलं आणि कड बोटभर बोटभर फिरवत गेला. वरच्या बाजूला डाग देऊन काही जोडल्याची खूण होती, आणि तिच्या शेजारी केसभर रेघ.

"ह्याला कडी होती?"

"होती. गळ्यात घालीत होतंय. गेल्या सालात पोरान वडल्यान नि तुटली."

"मगाशी सांगितलं नाहीत?"

"तुमी इचारलात खंय?"

वजन कुठे गेलं तेही रघुवीरला आता कळलं, किती हातांतून आणि मग बाईच्या गळ्यात झिजत आलेलं नाणं ते. त्याने कानस उचलली. पहिल्यांदा कानस घसरून बोटालाच लागली. दुसऱ्यांदा कड घासली गेली. आत पांढरं. अजून आत, पांढरंच.

तो पायरीवर उतरला आणि दोन्ही हातांनी नाणं तिच्यापुढे धरलं.

"खरां आसा, वयनी," तो म्हणाला. पुस्तकी बोलणं कुठच्या कुठे गेलं होतं. "माजांच चुकलां."

द्वारकेने नाणं घेतलं नाही. आधी त्याच्या तोंडाकडे पाहिलं, नीट, खोटं बोलतोय का हे बघावं तसं. मग नाणं पदराच्या टोकात बांधलं, गाठ दोनदा ओढून बघितली, आणि बंदराच्या वाटेला लागली. ती आधी चालत होती, मग पळत सुटली.

ती दिसेनाशी झाली तरी रघुवीर तिथेच उभा होता. थोड्या वेळाने आबांनी काठीने चाचपून अधेली त्याच्या पायाशी सरकवली.

"ठोक. जिथं होती तिथं."

"आबा, ही खरी आहे... उंबरठ्यात कशाला?"

आबांनी खिळा त्याच्या तळहातावर ठेवला.

"मी पाडलेलं भोकही खरंच आहे."