दोन रेषांच्या मधली जागा

त्या राज्यात अजून कोणी चालायला आले नव्हते. नुसती मांडामांड चालू होती. वरून एक मोठा हात येई, एखादे झाड, पायरी किंवा दिव्याचा खांब अलगद सोडी आणि निघून जाई. सोडलेल्या वस्तूला जागी बसवण्याचे काम जाळीचे होते. जाळी म्हणजे या टोकापासून त्या टोकापर्यंत जमिनीवर आखलेल्या, मांडामांड चालू असेपर्यंतच दिसणाऱ्या उभ्या-आडव्या रेषा. त्या जिथे एकमेकींना छेदत ती फुली, आणि चार रेषांमधला चौकोन म्हणजे घर. वस्तू कुठेही पडो, जाळी तिला जवळच्या फुलीवर ओढून घेई आणि तिचे पोट बरोबर फुलीवर आले की मगच सोडी.

एकदा सगळ्यांनी हट्ट धरला म्हणून जाळीने ही ओढ बंद ठेवून पाहिली होती. जो तो मनाला येईल तिथे उभा राहिला. वरवर सगळे सरळच वाटत होते, पण फरश्यांमध्ये केसाएवढ्या फटी पडल्या आणि त्यांतून राज्याखालचा काळोख डोकावू लागला. त्यानंतर ओढ बंद करायचे नाव कोणी काढले नाही.

नदीवरच्या पुलापाशी मात्र अडले. दोन्ही काठांवरून कमानीचे दोन बाहू निघून एकमेकांकडे झुकले होते. मध्ये एका दगडाची जागा तेवढी रिकामी होती. तो बसेपर्यंत सगळा भार धिऱ्यावर होता. धिरा म्हणजे कमानीखाली टेकू दिलेला जुना लाकडी खांब. हाताने मधला दगड आणून सोडला, पण त्याची जागा दोन फुल्यांच्या बरोबर मध्ये येत होती. जाळीने त्याला डावीकडे ओढले, तो डाव्या बाहूवर आदळला. पुन्हा सोडला, तर उजव्या बाहूवर.

"अरे, बस की बाबा एकदाचा!" धिरा खालून ओरडला. "पंगतीत पाट शोधत फिरल्यासारखा काय करतोस?"

"मी कुठं नाही म्हणतोय, धिरामामा? बसायला गेलं की ओढतात!"

"मग काय ते लवकर ठरवा. माझ्या अंगात चीर गेलीय. मी मोडलो तर तू नदीत, आणि हे दोघंही तुझ्या मागोमाग."

तटाची भिंत राज्यात सर्वांत आधी आलेली. ती म्हणाली, "एका बाजूनं तासा त्याला. फार लाड नकोत."

"म्हणजे दुसऱ्या बाजूला फट. आणि फटीवर कमान तुमचे वाडवडील उभी करणार का, भिंतकाकू?" धिरा म्हणाला.

दिव्याचे खांब कुजबुजले, "जाळीबाईच अर्धं घर सरकल्या तर?"

"आणि आम्ही सगळ्यांनी फुलीवरून उतरायचं? या एका दगडासाठी?" भिंत कडाडली.

मग सगळे जाळीकडे पाहू लागले. जाळीने आजवर प्रत्येकाला जागा दाखवली होती. कोणाला जागा विचारली नव्हती. तिने दगडाची ओढ क्षणभर सोडली. तो दोन बाहूंच्या मधोमध अंग चोरून थांबला, पण ओढीशिवाय दोन्हीकडे केसाएवढी फट राहिलीच.

"इथं?"

"इथंच, जाळीबाई."

"मग तुझं काही चुकलं नाही. माझीच घरं मोठी पडली."

आणि जाळीने दर दोन रेषांच्या मध्ये एक नवी रेष आखायला घेतली. फक्त पुलापाशी आखली असती तरी भागले असते, पण एकट्या दगडासाठी वेगळा नियम तिला पटेना. ती राज्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत आखत गेली. प्रत्येक नवी रेष तिने दोन्ही शेजारणींपासून मोजली, जरा कललेली दिसली की पुसून पुन्हा काढली. पाहणाऱ्याचा गोंधळ होऊ नये म्हणून जुन्या रेषा ठळक ठेवल्या आणि नव्या फिकट केल्या. खाली धिऱ्याची चीर करकरत वर चढत होती.

"मामा, निभेल ना?"

"तू आखत राहा, बाई. घाईत वाकडी काढू नकोस. मी आहे."

भिंतीने धक्क्याच्या भीतीने डोळे मिटून घेतले होते. काहीच हलेना, तेव्हा तिने ते हळूच उघडले. ती आपल्या जुन्या फुलीवरच उभी होती. एकही जुनी रेष सरकलेली नव्हती. "हं," ती म्हणाली, आणि बऱ्याच वेळाने, "रेषा काढावी तर हिनं."

हाताने दगड उचलून पुन्हा सोडला. ओढ लागली, पण या वेळी ती त्याला जिथे जायचे होते तिकडेच घेऊन गेली. जड, ठाम आवाज झाला. दोन्ही बाहू दगडावर टेकले, आणि धिऱ्याच्या अंगावरचा भार उतरला.

मग एके सकाळी हात निघून गेला आणि राज्य चालणाऱ्यांसाठी उघडले. पहिली वाटसरू पूल चढून आली. दमली म्हणून मधल्या दगडावर टेकली. तिने खाली वाहते पाणी पाहिले, दोन्ही काठ पाहिले, तट पाहिला. सगळे कसे आपोआप उगवून आल्यासारखे जिथल्या तिथे होते. तिने पाय लांब केले. दगडावर, वाटेवर, गवतावर, पार तटापर्यंत, एकही रेष कुठे दिसत नव्हती.