तुरट तांबडी

कणसं एकमेकांशी बोलायची, त्या काळची ही गोष्ट. एका शेतात गोड पांढऱ्या ज्वारीशेजारी तांबडी ज्वारी उभी होती. तिचे दाणे इतके तुरट, की चिमणी चोच लावायची आणि तोंड वाकडं करून उडून जायची. त्या वर्षी पाखरांनी पांढरीची कणसं पार रिकामी केली. तांबडीचा मात्र दाणाही हलला नाही.

"आपल्या वाटेला कुणी जात नाही," ती ऐटीत म्हणाली.

त्यामुळे गोठ्यात खुराकाला आली ती तांबडीच. चंद्रा नावाच्या गाभण म्हशीने पहिला घास घेतला आणि तिची जीभच आखडली.

"बाई, एवढा राग कुणावर?"

"तो पाखरांसाठी होता गं," तांबडी पुटपुटली.

"मग मी काय फांदीवर बसते?"

चंद्राने घमेल्याकडे पाठ फिरवली ती फिरवलीच. हळूहळू तिच्या बरगड्या दिसू लागल्या, तशी तांबडीची ऐट उतरली. चंद्राच्या पोटातल्या रेडकाचं काय होणार, या विचाराने ती कासावीस झाली.

शेवटी तुरटपणा जावा म्हणून मालकीण हौसाबाईने दाणे चुलीतल्या राखेच्या पाण्यात भिजत घातले.

"माझा सगळा जोर निघून जाईल!" तांबडी घाबरली.

"जाऊ दे की. इथे कोण चोच मारायला येतंय?" चंद्रा म्हणाली.

सकाळी धुतलेले, फुगलेले दाणे समोर येताच चंद्राने घमेलं चाटूनपुसून लख्ख केलं.

"आता कशी माणसात आलीस!" चंद्रा तांबडीला म्हणाली.

शेवटच्या घासातून आवाज आला, "माणसात कुठली, बाई? म्हशीत आले!"