नऊ अर्धे गडी

फार जुन्या काळची गोष्ट आहे. इतकी जुनी, की त्या राज्याचं नाव विचाराल तर मीही डोकं खाजवेन. तिथे एक राजधानी होती, आणि तिच्यापासून दोन दिवसांच्या चालीवर, डोंगराच्या माथ्यावर, मेंढपाळांचं एक गाव होतं. लोक त्याला नुसतं 'वरचं गाव' म्हणत. तेवढ्यावर भागत असे.

त्या राज्यात लहानथोरांना एकच वेड होतं, पायचेंडूचं. पायांनी चेंडू मारत न्यायचा आणि समोरच्या दोन दगडांच्या मधून पार करायचा. हाताने शिवला की डाव गेला. एका बाजूला नऊ गडी, आणि ते सगळे बिनलग्नाचे. लग्न झालं की माणसाने संसार खेळावा, असं राजाचं म्हणणं होतं, आणि राजाचं लग्न झालेलं असल्यामुळे त्याच्याशी कुणी वाद घालत नसे.

राजाने प्रत्येक गावाला खेळायला एक माळ दिला होता. दर फाल्गुनात जत्रेत गावागावांच्या झुंजी होत. हरलं तरी चाले. पण ज्या गावाला नऊ गडी उभे करता आले नाहीत, त्याचा माळ राजाच्या घोड्यांच्या चराईला जाई. एकदा गेलेला माळ परत मिळाल्याचं कुणाच्या ऐकिवात नव्हतं.

वरच्या गावाचा वस्ताद होता सोमाजी. पोटासाठी तो घोंगड्या विणायचा आणि हौसेपोटी पोरांना खेळ शिकवायचा. गावाकडे पैसा असा नव्हताच. कातरणीच्या दिवसांत प्रत्येक घरातून मूठभर लोकर त्याच्याकडे यायची. तिची घोंगडी विणून विकली, की वर्षभराचं चामडं यायचं. चेंडू एकच. तोही इतक्या ठिकाणी शिवलेला, की मूळचं चामडं कुठलं आणि ठिगळ कुठलं हे फक्त सोमाजीला ठाऊक. चेंडू उसवला की खेळ थांबायचा, पोरं गोल करून बसायची आणि सोमाजी कमरेचा दाभण काढायचा.

पण शिकवण्यात त्याचा हात धरणारा कुणी नव्हता. त्याची एक गिरकी होती. भरधाव येता येता चेंडू टाचेखाली घ्यायचा, जागच्या जागी फिरायचं, आणि समोरचा डावीकडे बघतोय तोवर उजवीकडून निसटायचं. ती अंगात मुरायला वर्षं लागत. आणि ती एखाद्या पोराच्या अंगात मुरली रे मुरली, की राजधानीचा पारखी दारात हजर!

हा पारखी तट्टावर बसून गावोगाव हिंडायचा आणि चांगला पोरगा दिसला की राजधानीच्या संघासाठी घेऊन जायचा. पोराची मर्जी असली तर वस्तादाने अडवायचं नाही, असा रिवाज होता. आणि मर्जी कुणाची नसणार? राजधानीत रोज दूधतूप, पायांत नव्या वहाणा, वर लोकांच्या टाळ्या. वस्तादाच्या हाती मात्र एक शेला आणि एक नारळ पडायचा. नारळ त्याच दिवशी चटणीत संपायचा. शेले सोमाजीच्या खुंटीवर लटकत राहायचे. मेंढरांच्या गावात शेला पांघरून जाणार कुठे?

एका वर्षी मात्र कहर झाला. पारख्याने एकदम तिघांना उचललं. गावात खेळण्याजोगे बिनलग्नाचे उरले मोजून नऊ, त्यातले दोन तर धडपडणारेच. आणखी एक गेला की माळ गेला.

"हे आसं चालायचं न्हाई," तो बायकोला म्हणाला. तिचं नाव गिरजा. "आपण राबायचं, घडवायचं, आन् ह्यांनी तट्टावरनं यायचं नि उचलून न्यायचं! आता आसे गडी करतो, की न्यावासाच वाटणार न्हाई."

"म्हंजे?"

"अर्धे."

आणि खरोखरच त्याने तसं केलं. एकाला नुसतं पळायला शिकवलं, चेंडू सांभाळायला नाही. दुसऱ्याला चेंडू अडवायला शिकवलं, अडवून पुढे काय करायचं ते नाही. तिसऱ्याला फक्त उजव्या पायाचा फटका. गिरकी तर कुणालाच नाही. प्रत्येकाच्या पदरात एकच कसब, म्हणजे नऊ मिळून खेळ जमेल, पण त्यातला एकटा काढून नेला तर कुणाच्या कामाचा नाही.

सगळ्यांत गुणी होता बिरू. नुकतं मिसरूड फुटलेलं, पण चेंडू त्याच्या पायाला चिकटून चालायचा. त्यालाच सोमाजीने नुसतं पळायला लावलं.

"वस्ताद, गिरकी शिकवा की," बिरू म्हणायचा.

"तुला काय करायची गिरकी? तू पळ."

पारखी आला. बांधावर बसून त्याने दोन डाव पाहिले, दाढी खाजवली आणि उठला. "वस्ताद, यंदा तुमच्याकडे काही जमलं नाही," म्हणाला आणि तट्टाला टाच मारून गेला. तो उतरणीला दिसेनासा झाला तेव्हा सोमाजी माळावर एकटाच नाचला. त्या फाल्गुनात नऊच्या नऊ गडी जत्रेत उभे राहिले, झुंज बरोबरीत सुटली, आणि चावडीवर सोमाजीच्या युक्तीचं तोंडभरून कौतुक झालं. खोटं कशाला सांगू, तो थोडा फुगलाही.

पुढच्या वर्षी पारखी आलाच नाही. सोमाजीला वाटलं, आता काळजी मिटली.

मग हळूहळू एकेक गोष्ट त्याच्या लक्षात येऊ लागली. संध्याकाळी माळाच्या कडेला चिल्लीपिल्ली गर्दी करायची, मोठ्यांचे फटके बघून चिंध्यांच्या चेंडूवर सराव करायची. ती आता येईनाशी झाली. बघायला होतं काय? कुणी गिरकी घेत नव्हतं, कुणी राजधानीला जात नव्हतं. मोठेही कंटाळले. रोज एकच फटका मारून पाय दुखतो, मन भरत नाही. एकाने लग्नच उरकून टाकलं. त्याच्या जागी कसाबसा एक नवखा ओढून आणला. आणि एके दिवशी बिरूही आला नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. तो मेंढरं घेऊन वरच्या कुरणात गेला होता.

जत्रेला दीड महिना उरला आणि सोमाजीने गडी मोजले. आठ.

तो घरी येऊन मागापाशी बसला, पण धोटा काही हातात घेतला नाही. पारखी न्यायचा तेव्हा नऊ भरत होते. पारखी यायचा थांबला, तर आठ. हा हिशोब त्याला कुठूनही मांडला तरी सुटेना.

गिरजा लोकर पिंजत होती. ती न राहवून म्हणाली, "आवं, एक इचारू? दर साली आपण मेंढरं कातरतो. लोकर जाती. म्हून मेंढरू गेलं का?"

"त्येचं इथं काय?"

"न्हाई, एखाद्यानं लोकर जाईल म्हून कातरलीच न्हाई, तर मेंढराचं काय हुतं ते तुमाला ठावं हाय. किडं पडत्यात. पोरं ही गावाची लोकर हाय. मेंढरू म्हंजे तुमी जे शिकवता त्ये. पारख्यानं लोकर नेली, आन् तुमी रागानं मेंढरूच मारलं."

सोमाजीला ते झोंबलं. दोन घास न खाता तो उठला. पण पाय मात्र थेट वरच्या कुरणाकडे वळले.

बिरू एका खडकावर बसला होता. वस्तादाला पाहून उभा राहिला.

"बिरू, माघारी चल. आठच गडी हायती. माळ जाईल."

"मला आर्ध्या गड्याला कशाला न्येता, वस्ताद?" बिरू म्हणाला. "पारखी मला नेणार न्हाई, ह्येचं मला दुक न्हाई. पर तुमच्यापाशी हुतं आन् तुमी दिलं न्हाई. दोन सालं मी इचारत हुतो. मला वाटायचं, माझ्यातच काय कमी हाय."

सोमाजीची मान खाली गेली. इतकी वर्षं शिकवलं, पण शिष्यासमोर अशी लाज त्याला कधी वाटली नव्हती.

"तुझ्यात कायबी कमी नव्हतं, लेकरा. माझ्यात भ्या हुतं," तो म्हणाला. मग त्याने डोक्याचं मुंडासं सोडलं, त्याचा गच्च गोळा केला आणि तो गवतावर टाकला. "ये. टाच आशी ठेव."

त्या उतारावर, चरणाऱ्या मेंढरांच्या मधोमध, म्हातारा वस्ताद गिरकी घेताना तीनदा पडला. तिसऱ्यांदा बिरूलाही हसू आवरलं नाही. मग दोघेही हसले.

दुसऱ्या दिवसापासून सोमाजीने सगळ्यांना सगळं शिकवायला घेतलं. हातचं राखून काही ठेवलं नाही. बिरूने तर दोन वर्षांची भूक महिन्याभरात भागवली, आणि शिकलेलं त्याच्या पोटात राहीना. संध्याकाळी तो चिल्ल्यापिल्ल्यांना गोळा करून तेच शिकवू लागला. त्यात कुंभाराचा सटवा होता, हडकुळा, पण डोळे चेंडूवरून हलायचे नाहीत. माळाची कड पुन्हा गजबजली. चेंडू रोज उसवू लागला आणि सोमाजी रोज बडबड करत, पण मनातून सुखावून, तो शिवू लागला.

ही बातमी डोंगर उतरून गेलीच. जत्रेला आठवडा राहिला असताना तट्टू वर आलं. पारख्याने एक डाव पाहिला आणि तट्टावरून खाली उतरला.

"वस्ताद, हा बिरू मला हवा. जत्रेत राजधानीकडूनच खेळवतो. आजच निघायचं."

बिरू गेला की पुन्हा आठ. माळाचं काय होणार, ते पोरासोरांनाही कळत होतं.

बिरू सोमाजीजवळ आला. "वस्ताद, मर्जी माझी लागती. तुमी म्हणाल तर ऱ्हातो. मनापासनं ऱ्हातो."

सोमाजीने त्याच्याकडे पाहिलं. पोराचे डोळे वाटेकडे लागलेले होते, आणि तरी तो खरं बोलत होता. 'राहा' एवढंच म्हणायचं होतं. दोन अक्षरं. ती सोमाजीच्या ओठांपर्यंत आली आणि त्याने ती गिळली.

"जा," तो म्हणाला. "पुरा झालास. आता तुला हितं आडवून ठेवायला मी कोण?"

पारख्याने शेला आणि नारळ पुढे केला. सोमाजीने नारळ घेतला, शेला परत केला.

"बुवा, शेल्यांना माझ्या घरात खुंट्या उरल्या न्हाईत. त्येच्याबदली एक मागतो. उन्हाळ्यात तुमचं मैदान तव्यावानी तापतं. गडी सावलीत लोळत्यात. तेवढे म्हैने बिरूला हितं धाडायचं. आमच्या पोरांना शिकवंल. आन् येताना तुमी टाकून दिलेले जुने चेंडू घिऊन यील."

एवढ्या वर्षांत पारख्याकडे असलं काही कुणी मागितलं नव्हतं. "जुने चेंडू? ते तर आम्ही जाळतो."

"जाळू नगा. आमाला शिवता येत्यात."

पारख्याने हसून मान डोलावली. बिरू वस्तादाच्या पाया पडला आणि तट्टामागून उतरणीला लागला. तो वळणावर दिसेनासा झाला तेव्हा सोमाजीच्या डोळ्यांतून खळकन पाणी आलं. ते त्याने लपवलं नाही.

आठवड्याने जत्रेत वरचं गाव उभं राहिलं. पंचाने मोजले. नऊ. नववा होता सटवा, सगळ्यांच्या खांद्यालाही न लागणारा. समोरच्या गावाचे धिप्पाड गडी त्याला बघून फिदीफिदी हसले. तासाभराने त्यातला एक जण सटवाने घेतलेल्या गिरकीपायी तोंडावर पडला आणि हसणं थांबलं. झुंज वरचं गाव हरलं, तेही थोडक्यात. पण माळ राहिला. आणि हरून परत येणारं इतकं खुशीत असलेलं गाव त्या राज्यात आधी कुणी पाहिलं नव्हतं. उन्हाळा लागला तसा बिरूही चेंडूंनी भरलेलं पोतं पाठीवर टाकून डोंगर चढून आला.

जत्रेतलीच एक गोष्ट मात्र सांगायची राहिली. झुंज संपल्यावर पारखी गर्दीतून वाट काढत सोमाजीपाशी आला होता.

"वस्ताद, तो हडकुळा पोरगा कोण हो? गिरकी घेणारा?"

पूर्वीचा सोमाजी असता तर त्याने पोराला घोंगडीखाली झाकलं असतं. आताचा सोमाजी खो खो हसला.

"कुंभाराचा सटवा. अजून कच्चा हाय, बुवा. दोन सालं दम धरा. पुरा झाला, की मीच त्येला तुमच्या दारात आणून सोडतो. आन् तवर बघा, त्येच्यामागं आणखी कोण उभं ऱ्हातं ते!"

म्हणून लहानांनो आणि मोठ्यांनो, एवढं ध्यानात ठेवा: आपलं माणूस जाईल या भीतीने त्याला अपुरं ठेवलं, तर ते माणूसही जातं आणि आपणही अपुरे राहतो.