पाच झेंड्यांची पेठ

वज्रसेन महाराजांचे जावई मोठे मानी. राजधानीत राहायला येतो, पण घरजावई होऊन महालात राहणार नाही, असा त्यांनी निरोप धाडला. झाली पंचाईत! आता लेकीसाठी घर बघायचं ते कोटाबाहेरच्या नव्या पेठांत, आणि त्या पेठा महाराजांनी पाहिल्या होत्या फक्त हत्तीवरून.

पण महाराजांना कसली काळजी? त्यांनी सोय आधीच करून ठेवली होती. दरसाल दरबारचे तपासनीस पेठांमधल्या शाळांत जात, पोरांकडून पाढे म्हणवून घेत आणि शाळेच्या छपरावर झेंडे लावत. उत्तम शाळेला पाच, भिकार शाळेला एक. लोकही मान वर करून आधी झेंडे बघत, मग घर. मोतीपेठेत पाच झेंडे फडकत होते, म्हणून तिथे घरांचे भाव आभाळाला भिडलेले. निंबपेठेत एकच, तोही विटलेला. तिथे कुणी सुखासुखी राहायला जाईना.

"मोतीपेठ ठरली," महाराज म्हणाले. "माझ्या नातीला पाच झेंड्यांचीच शाळा."

लेक शशिकला आणि सात वर्षांची नात मैना माहेरपणाला पुढे आल्या होत्या. चिमा माळीण मैनेच्या वेणीत गजरा माळत बसली होती. ही चिमा निंबपेठेत भाड्याने राहायची. जीभ तिच्या सुईहून तिखट. ती पुटपुटली, "झेंडे बघून घर घ्यायचं म्हणजे पागोटं बघून जावई करण्यातलं."

शशिकला फिस्सकन हसली आणि महाराजांचा पारा चढला. स्वतःच्या पेठेची कड घेतेस काय, म्हणून त्यांनी चिमाला खडसावलं. मग हुकूम सोडला, "उद्या दिवेलागणीच्या आत दाखवून दे, कुठली शाळा चांगली ते. पण शाळेची पायरी तू चढायची नाहीस आणि पंतोजींशी अवाक्षर बोलायचं नाहीस. नाही जमलं तर बिऱ्हाड उचल आणि राज्याबाहेर चालती हो."

चिमाच्या घरी थकलेली सासू, दारात नुकता धरलेला मोगरा. जायचं कुठे? पण राजाचा हट्ट म्हणजे दगडावरची रेघ. तिने मैनेकडे पाहिलं आणि तिला एकदम सुचलं.

"कबूल, महाराज. पायरी मी चढायची नाही. मग तुम्ही चढा."

दुसऱ्या दिवशी सकाळी महाराज ठिगळाची बंडी घालून, मैनेचं बोट धरून मोतीपेठेत निघाले. वर चिमाने त्यांच्या डोक्यावर फुलांची पाटीही दिली. ती स्वतः समोरच्या पिंपळाखाली हार ओवत बसली.

मोतीपेठेच्या पंतोजींनी मैनेला दारातच थांबवून बाराचा पाढा विचारला. मैना झोकात सुरू झाली. बारा सक बहात्तरपर्यंत गाडी सुरळीत गेली आणि बारा सत्तेला अडकली. रोज तिथेच अडायची. तिचे डोळे भरून आले.

"म्हातारबा, हिचे पाढे घरी पक्के करून घ्या, मग आणा," पंतोजी म्हणाले.

"घरीच पक्के झाले तर तुम्ही काय शिकवणार?"

"अहो, तपासनीस यायचे दिवस आले, आता शिकवत कोण बसतंय? असली कच्ची पोरं आम्ही केव्हाच निंबपेठेला पिटाळली. पाच झेंडे काय उगीच मिळतात?"

आणि दार लागलं. महाराज लालबुंद होऊन परतले. चिमाने मान खाली घालून गाठ मारली. तिला हसू आवरत नव्हतं.

निंबपेठेच्या शाळेत पंतोजींनी मैनेला नाव विचारलं आणि पोरांना सरकवून तिला जागा करून दिली. मैना इथेही बारा सत्तेला अडली. तशी शेजारची पोरगी म्हणाली, "मीपण तिथेच अडायचे. मला मोतीपेठेतनं काढलं ते त्यावरच." तिने ओंजळभर चिंचोके जमिनीवर ओतले आणि बारा-बाराच्या ढिगल्या मांडायला घेतल्या. दारात उभ्या राहिलेल्या म्हाताऱ्यालाही तिने मोजायला बसवलं. महाराज त्र्याऐंशीवर थांबले तेव्हा ती त्यांच्यावर डाफरली, "आजोबा, एक ढुंगणाखाली घेतलात!"

उन्हं उतरेपर्यंत मैना बाराचा पाढा खडखडीत म्हणू लागली. घरी चल म्हटलं तर उठेना. महाराजांनी तिला अक्षरशः उचलून आणलं.

दरबारात मात्र महाराज पुन्हा अडून बसले. पोर शिकली हे मान्य, पण मग तपासनिसांना एका शाळेत पाच झेंड्यांची हुशारी दिसली आणि दुसरीत एकाची, ती कशी? ते काय आंधळे होते?

"आंधळे कशाला असतील, महाराज?" चिमा म्हणाली. "मोतीपेठेने उमललेली फुलं तेवढी परडीत ठेवली आणि मुक्या कळ्या निंबपेठेच्या दारात टाकल्या. तुमचे तपासनीस परडी बघून बक्षीस देऊन आले. बाग कोण शिंपतंय, ते बघायला कुणी गेलंच नाही."

महाराज गडगडाटी हसले आणि ओरडले, "प्रधानजी, उद्याच निंबपेठेत पाच झेंडे लावा!"

"थांबा, महाराज!" चिमा घाबरून पुढे आली. "उद्या झेंडे लागले की परवा माझा घरमालक भाडं दुप्पट करील. तुमच्या हुकमाने नाही गेले, ती तुमच्या झेंड्यांनी जाईन! बक्षीस द्यायचंच असेल तर माझं राहतं घर माझ्या नावावर करून द्या. पण ते आज. झेंडे लावा सावकाश."

हसता हसता महाराजांचं पागोटं कानावर आलं. ते सावरत ते म्हणाले, "प्रधानजी, चिमाचं घर तिच्या नावावर करा. आणि तिच्या शेजारचं आमच्या जावईबापूंसाठी घेऊन टाका. तेही आजच बरं का, उद्या ते मलासुद्धा परवडायचं नाही!"